वल्ह्याची नाव आणि ओहोटीचें गणित



कयाक हा शब्द आपणांपैकीं पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. तो मूळचा उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा. ग्रीनलंडमध्यें मोठीं झाडें जवळजवळ नाहींत. तेव्हां तेथील शिकारी समुद्रानें वाहून आणलेलें लांकूड आणि हाडें यांचा सांगाडा करीत, त्यावर सीलाचें कातडें शिवीत, आणि शिंप्यानें सदरा बेतावा तशी ती होडी आपल्या अंगाच्या मापानें बेतीत. ती उलटली तर आंत बसल्या जागींच वल्ह्याच्या फटकाऱ्यानें सुलटी करण्याची विद्या त्यांनीं साधली होती. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर हल्लीं हौशी लोक गळ टाकण्यासाठीं नेतात ती कयाक प्लॅस्टिकची, वरून उघडी, पोकळ व हलकी. ती सहसा बुडत नाहीं, हें खरें आहे. पण न बुडणारी वस्तु कोठें वाहून जाईल हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि आजचें माझें बोलणें त्याच प्रश्नाविषयीं आहे.

भरती-ओहोटीचें गणित कोंकणांतील नाविकांना घड्याळावांचून येत असे. तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशींच्या भरतीची वेळ सुमारानें मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो, त्याचा हा ढोबळ पाऊण तास. आमच्या वेळीं मुलांकडून पाउणकी घोकून घेत. आतां ती शाळेंतून गेली, आणि तिच्याबरोबर बरेंच व्यवहारज्ञानहि गेलें असें मला वाटतें. असो. भरतीनंतर सुमारें सहा तास पाणी उतरतें, पण सारख्या वेगानें उतरत नाहीं. एकंदर उताराचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासांत एक भाग, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्या व चौथ्यांत प्रत्येकीं तीन, पुढें पुन्हां दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा समुद्र निघून जातो, आणि खाडीच्या मुखाशीं त्या वेळीं खरी ओढ असते.

डिसेंबर २०२३ च्या आरंभीं, कार्तिक वद्य पंचमीस, माझ्या भाच्याच्या दोन बैठकींच्या कयाकींतून आम्ही दापोली तालुक्यांतील आंजर्ल्याच्या खाडींतून मासे गळाला लावण्यास निघालों. पांच पाऊण पावणेचार. म्हणजे भरती पहांटे पावणेचारला होऊन गेलेली, आणि आम्ही निघालों पावणेसातला, ओहोटी भर जोरांत असतां. त्यांत थंडीचे दिवस. रात्रीं जमीन निवते आणि पहांटे तिच्यावरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. म्हणजे पाणी आणि वारा या दोहोंची दिशा एकच : बाहेर. कांठावर जाळें सांधीत बसलेल्या तांडेलानें आम्हांस पाहून म्हटलें, "गुरुजी, जाताना दर्या तुम्हांला नेईल. येताना तुमचं तुम्हांला यायचं हाय."

भाचा तरुण, पोहण्यांत तरबेज. "मामा, वल्हं नुसतं बुडवलं तरी पळतेय बघा," असें म्हणून तो सुरमईच्या लोभानें सुवर्णदुर्गाच्या पलीकडे जाण्याच्या गोष्टी करूं लागला. मी त्याला म्हटलें, "हात थांबव, आणि डावीकडे पाहा." जवळचा एक खडक आणि त्यामागील डोंगराचें टोंक हीं एका रेषेंत होतीं. शंभर आंकडे मोजून होण्यापूर्वींच खडक मागें सरला आणि त्याच्या आड लपलेला डोंगर उघडा पडला. आम्ही वल्हीं मांडीवर ठेवून बसलों होतों, तरी अरबी समुद्रांत चाललों होतों! वेग हा आपल्या मनगटांचा नव्हता, हें त्याला तेथें पटलें.

नेमक्या त्याच क्षणीं गळाला मासा लागला. दोरी ताणली, नावेचें तोंडहि पश्चिमेकडे वळलें. मासा खेळवून दमवण्यास पाव तास लागला असता, आणि तेवढ्या वेळांत आम्ही आणखी किती दूर गेलों असतों, हा हिशोब होता. "काप," मी म्हणालों. त्यानें माझ्याकडे अशा मुद्रेनें पाहिलें कीं, ती मला अद्याप आठवते. पण कापली खरी. चाळीस मिनिटांत तोडलेलें अंतर परत येण्यास दोन तासांहून अधिक लागले. मध्य प्रवाहाशीं झुंजण्यांत अर्थ नव्हता, म्हणून आम्ही खडकांच्या कडेकडेनें आलों. कांठाशीं पाण्याची ओढ मंद असते. पिण्याचें पाणी निम्म्या वाटेंत संपलें, भाच्याच्या तळव्यांना फोड आले, आणि खाडीच्या तोंडाशीं, जेथें बाहेर जाणाऱ्या पाण्यावर समुद्राच्या लाटा चढून फुटतात, तेथें दोनदां नाव आडवी होतां होतां राहिली.

तरंगणारें जाकीट अंगांत घातलेलें असावें. पायांपाशीं ठेवलेलें जाकीट उलटल्यावर हातीं येत नाहीं. वल्हें दोरीनें नावेला बांधावें. शिंगाळा गळाला लागला तर त्याला उघड्या हातानें धरूं नये. त्याच्या पाठीवरच्या व कल्ल्यांमागील पंखांच्या कांट्यांना विष असतें. कांटा रुतलाच तर जखम सोसवेल इतक्या ऊन पाण्यांत धरल्यानें वेदना कमी होतात, आणि मग वैद्यकीय मदत घ्यावी. दूरध्वनि जलाभेद्य पिशवींत गळ्याशीं असावा व त्यांत तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक असावा. परंतु किनाऱ्यापासून दूर त्याला संदेश मिळेलच असें नाहीं, म्हणून परतण्याची वेळ एखाद्या माणसालाहि सांगून ठेवावी. आम्ही ती त्या तांडेलाला नऊची सांगितली होती. साडेनऊ होऊन गेले तेव्हां तो जाळें बाजूला ठेवून आपल्या होडीचा दोर सोडीत होता.