मुदत आणि मर्यादा
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावर राजकारण आणू नये, असा आपला प्रघात आहे व तो योग्यच आहे. पक्षांचे राजकारण मी येथे आणणार नाही. परंतु राज्य कोणत्या नियमांनी चालावे, हा प्रश्न पक्षांचा नसून नागरिकांचा आहे. आणि उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येणाऱ्या एका ठरावाशी त्याचा निकटचा संबंध असल्यामुळे आपला थोडा वेळ घेतो.

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक भरली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सही होऊन गेल्यावर. ज्यांनी सल्ला द्यावयाचा, त्यांना निर्णय ऐकविण्यात आला. राज्यघटनेच्या ३५२ व्या कलमात त्या वेळी ‘अंतर्गत अशांतता’ एवढे कारण पुरेसे होते. अशांतता कशास म्हणावे हे ठरविणारे जे, त्यांच्याच हाती त्यामुळे अमर्याद सत्ता येत होती.

त्या एकवीस महिन्यांच्या दोन तऱ्हेच्या आठवणी आपल्या घरांतून ऐकू येतात. गाड्या वेळेवर सुटत, कचेरीत माणूस जागेवर सापडे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना खोटे पाडण्याची मला गरज वाटत नाही. मात्र वर्तमानपत्रे सेन्सॉरच्या नजरेखालून जात होती आणि हजारो माणसे खटल्यावाचून तुरुंगात होती, हेही त्याच आठवणीत बसवावे लागते. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष असताना, अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी बंदिवास भोगलेल्या व आजारी असलेल्या जयप्रकाशजींसाठी प्रार्थना करण्याचे उघड आवाहन केले. पुढे १९७६ मध्ये त्यांनाही अटक झाली.

न्यायालयाकडे पाहावे, तर २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला आपल्या अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. हा निकाल चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ मध्ये स्पष्ट म्हटले, आणि ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही त्यांच्या निर्णयाशी असहमत होता येते. आपल्या ज्ञातीत हे अजून थोड्यांना जमते.

तथापि माझा रोख आहे तो याहून साध्या गोष्टीकडे, मुदतीकडे. १९७१ साली निवडून आलेल्या लोकसभेची पाच वर्षे १९७६ च्या मार्चमध्ये संपत होती. आणीबाणीच्या आधारे त्या सभागृहाने स्वतःची मुदत एका वर्षाने वाढविली, मग पुन्हा एका वर्षाने. त्याच वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने पाचाची सहा वर्षे केली व ती चालू सभागृहालाही लागू केली. ज्यांना लोकांनी पाच वर्षांसाठी पाठविले, त्यांनी लोकांना न विचारता सहावे वर्ष घेतले.

१९७७ च्या मार्चमध्ये निवडणूक झाली, सत्तांतर झाले, जल्लोष झाला. त्या जल्लोषाविषयी बोलणारे पुष्कळ भेटतात. मला मोल वाटते ते त्यानंतर झालेल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीचे. ‘अंतर्गत अशांतता’ काढून ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले गेले. मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळविल्यावाचून घोषणा करता येणार नाही, असे ठरले. संसदेची मान्यता दोन महिन्यांऐवजी एका महिन्यात, आणि तीही दोनतृतीयांशाच्या विशेष बहुमताने. दर सहा महिन्यांनी ती नव्याने मिळविणे आले. लोकसभेच्या एकदशांश सभासदांनी लेखी मागणी केली, तर घोषणा रद्द करण्याच्या ठरावासाठी खास बैठक बोलावणे बंधनकारक झाले. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही न्यायालयाबाहेर ठेवता येईना. आणि लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली.

एक उणीव मात्र राहिली. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून माणसाला तीन महिने स्थानबद्ध ठेवता येते, ती मर्यादा दोन महिन्यांवर आणणारे कलम याच दुरुस्तीत मंजूर झाले. अंमल कधीपासून, हे सरकारने ठरवावयाचे होते. ती तारीख आजतागायत उजाडलेली नाही. मधल्या काळात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली.

आता उद्याचा ठराव. कार्यकारी मंडळाची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर न्यावी आणि ती विद्यमान मंडळापासून लागू व्हावी, अशी सूचना आहे. वसतिगृहाचे बांधकाम अर्धे झाले आहे, मध्येच निवडणूक आली तर काम रेंगाळेल, असे कारण दिले आहे. कारण खोटे नाही. मंडळातील सद्गृहस्थांच्या सचोटीविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नाही. त्यांच्यापैकी दोघांनी उन्हातान्हात स्वतः उभे राहून पायाभरणी करून घेतली, हे मी पाहिले आहे. पण वसतिगृहामागून सभागृह येईल, सभागृहामागून रौप्यमहोत्सव. अर्धे काम प्रत्येक मंडळाच्या हाती असतेच.

म्हणून मी उपसूचना मांडणार आहे. पाच वर्षांची मुदत हवी असल्यास ती पुढील निवडून येणाऱ्या मंडळापासून लागू करावी. एकदशांश सभासदांनी लेखी मागणी केल्यास तीस दिवसांत विशेष सभा बोलाविण्याचे बंधन चिटणीसांवर असावे. आणि दोन्ही गोष्टींचा अंमल कोणत्या तारखेपासून, हे ठरावातच लिहावे. पुढे ठरवू, असे म्हणून सोडू नये.

उपसूचनेच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्या आहेत. सूचक म्हणून माझी सही केलेली आहे; अनुमोदकाची जागा अद्याप रिकामी आहे.