‘बरं’ या शब्दाची किंमत

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात भिवंडी येथे केलेले भाषण)



माझी विद्या शालान्त परीक्षेपलीकडे गेलेली नाही. पस्तीस वर्षे मुलांना मराठी शिकविले, एवढ्याच भांडवलावर आज दोन शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

आपले वाडवडील तेलंगणातून पोटासाठी भिवंडीस आले, तेव्हा त्यांच्यापाशी विणण्याची कला होती, मराठी नव्हती. ती त्यांनी पुस्तकातून घेतली नाही. कामतघरच्या चाळींतून, भाजी विकणाऱ्या आगरी बायकांकडून आणि मागांच्या खडखडाटात ती त्यांनी कानांनी वेचली. जड शब्दांनी त्यांना फारसे अडविले नाही, कारण जड शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो व तो कोणास विचारून घेता येतो. अडविले ते दिवसातून शंभरदा कानी पडणाऱ्या इवल्याशा शब्दांनी.

‘लागणे’ हेच पाहा. भूक लागते, ठेच लागते, दार लागते, नोकरी लागते, मूल रडू लागते आणि एखादा गृहस्थ आपला मामाही लागतो! आपल्या तेलुगूत भुकेला ‘आकलि वेस्तोंदि’ म्हणतात, नोकरी मात्र ‘दोरुकुतुंदि’, म्हणजे सापडते. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला व १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती आली. त्यांनाही या एका क्रियापदासाठी पुष्कळ जागा खर्चावी लागली. (येथेही ते लागलेच!)

परंतु ‘लागणे’ चुकले तर लोक हसतात, इतकेच. ‘बरं’ चुकले तर काय होते, ते मी घरात पाहिले आहे.

माझे वडील यंत्रमागावर होते. कोणी बोलत असता मराठी माणूस मधून मधून ‘बरं... बरं’ म्हणतो, हे त्यांनी हेरले होते. त्याचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ असा त्यांनी घेतला, आणि तो चूक नव्हता. १९७१ साली, मी अकरा वर्षांचा असताना, एके सायंकाळी मालकाने त्यांना बोलावून सांगितले की, सूत महागले आहे, पुढील महिन्यापासून मीटरमागे मजुरी कमी मिळेल. वडील दर वाक्याला ‘बरं’ म्हणत गेले. ऐकून घ्यावे, घरी विचार करावा आणि मग उत्तर द्यावे, असा त्यांचा बेत होता. पगाराच्या दिवशी पैसे कमी हाती आले. ते विचारावयास गेले, तेव्हा मालक म्हणाले, “तुम्ही तर बरं म्हणालात!” मालक लबाड होते, असे मी आजही म्हणणार नाही. त्यांनी जे ऐकले, तेही मराठीत ‘बरं’च होते. त्या महिन्यात माझ्या वह्या आल्या नाहीत.

ही हकिकत आईने भाजीवालीला सांगितली. ती बाई शाळेत गेलेली नव्हती, पण तिने दिलेला धडा मला पुढे कोणत्याही व्याकरणात आढळला नाही. ती म्हणाली, “पैशाच्या गोष्टीला बरं म्हणू नये, बघू म्हणावं.” वडिलांनी तो शब्द घोकला. पुढे कामाचे तास वाढविण्याचा विषय निघाला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “बघू.” मालक चमकून त्यांच्याकडे पाहतच राहिले, असे वडील पुढे कितीतरी वर्षे हसून सांगत.

मी शिक्षक झाल्यावर इतर प्रांतांतून आलेली मुले वर्गात असत. त्यांना मी ‘बरं’चा अर्थ कधी लिहून दिला नाही. ‘बरं झालं’, ‘बरं नाही वाटत’, ‘बरं, मग?’, ‘बरं का’ ही वाक्ये मी मोठ्याने म्हणे, त्यांच्याकडून म्हणवून घेई, आणि कोणते वाक्य कोण कोणाला बोलेल, ते विचारी. नुसता अर्थ पाठ केलेले मूल बाजारात फसते.

आता घरात उलटा प्रकार सुरू आहे. माझा नातू मराठीत वाढला. तेलुगू त्याला परकी. मध्यंतरी गावाकडच्या माझ्या थोरल्या बहिणीला त्याने टेलिफोनवर प्रकृती विचारली. ती म्हणाली, “परवालेदु.” आपण जाणतोच, याचा अर्थ ‘ठीक आहे, चालले आहे’. पण ‘लेदु’ म्हणजे ‘नाही’, एवढे त्याला ठाऊक होते. टेलिफोन ठेवून तो गंभीरपणे मला म्हणाला, “आजोबा, आजीला स्वतःच्या तब्येतीची पर्वाच नाही!”

मी त्याला अर्थ सांगितला नाही. रविवारी तिला पुन्हा टेलिफोन लावावयास सांगितला.