लाईन गेली तरी चालेल असा क्लास

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



वडाभात पोटात गेल्यावर ज्याच्या हाती माईक येतो त्याची कीव करावी. अर्ध्या डोळ्यांवर झोप आहे, ती मला इथून दिसते आहे. आयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषयही त्यांनीच दिला. "शनिवारी रात्री तुम्ही लोकं कॉम्प्युटरवर मिळून जे खेळून राहिले, त्याच्यात नवीन माणसानं कोणता क्लास घ्यावा ते सांग." ग्रुपवर हाच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे. शब्द वेगळे असतात, आतली भीती एकच असते: मला जमेल का, आणि माझ्यापायी तुमचा खेळ बिघडणार तर नाही?

समोर बसलेल्या सरांना आणि मॅडमना आधी खुलासा करतो. क्लास म्हणजे दहावी ‘ब’ नाही. या खेळांत प्रत्येक जण एक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, कोणी मंत्र म्हणणारा. त्या सोंगाच्या जातीला क्लास म्हणतात. 1974 साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ निघाला, त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा धर्मगुरू. पुढे तेच कॉम्प्युटरवर आलं, मग इंटरनेटवर आलं, आणि आता बल्लारपूरच्या माझ्या दुकानातून मी, हैदराबादहून एक, पुण्याहून दोघं आणि भामरागडहून एक असे आपण एकाच खेळात शिरतो.

तुमची मुलं मोबाईलवर बीजीएमआय खेळतात ते वेगळं. तिथे चौघं एका पथकात असले तरी चौघांचं काम जवळपास सारखंच, बंदूक चालवायची. आमच्या खेळात कामाची वाटणी असते. आम्ही खेळतो तो ‘फायनल फँटसी फोर्टीन’, जपानी खेळ आहे. त्यात लहान गुहेला चार माणसं लागतात. एक टँक, म्हणजे सगळ्यांच्या पुढे जाऊन राक्षसाचा मार अंगावर घेणारा. एक हीलर, म्हणजे जखमा भरणारा. आणि दोघं मारणारे. मोठ्या लढाईला आठ लागतात, त्यात दोन टँक, दोन हीलर आणि चार मारणारे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ 2004 पासून चालू आहे, तिथे गुहेला पाच जण लागतात, एक-एक-तीन असे. खेळ कोणताही घ्या, वाटणीची रीत हीच.

आता सोपा क्लास कोणता? लोक बटणं मोजतात. कोणाला आठ बटणं, कोणाला पंचवीस. माझ्या मते हा हिशेब अर्धाच आहे. टँकची बटणं फार नसतात. पण तो सगळ्यांच्या पुढे चालतो, रस्ता त्याला माहीत असावा लागतो, किती राक्षस एकदम ओढायचे ते तो ठरवतो, आणि तो थांबला की मागचे तिघं त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहतात. हात मोकळे असतात, डोकं मोकळं नसतं.

मी माणसाला वेगळाच प्रश्न विचारतो. भर लढाईत तुझ्या घरची लाईन गेली तर बाकीच्यांचं काय होईल?

हा प्रश्न पुण्यातल्या माणसाला सुचणार नाही, आपल्याला सुचतो. टँकची लाईन गेली की राक्षस सरळ मागच्यांवर येतो आणि अर्ध्या मिनिटात सगळे आडवे. हीलरची गेली तर टँक थोडा वेळ तग धरतो, मग तोही पडतो. मारणाऱ्या दोघांपैकी एकाची गेली तर लढाई लांबते, एवढंच. बहुतेक वेळा बाकीचे तिघं ती संपवतात आणि तुमचा इन्व्हर्टर चालू होईपर्यंत पुढच्या वळणावर थांबतात. लाईन जाणं हे मी उदाहरणादाखल सांगतो. नातू रडला, गॅसवर दूध ठेवलं होतं, हात थरथरला, कुठलं बटण ते आठवलं नाही, हे सगळं त्याच खात्यात येतं. जिथे दोन मिनिटांच्या गैरहजेरीनं कोणाचा खोळंबा होत नाही, ती जागा कमी ताणाची.

भामरागडचं मी मुद्दाम सांगतो. पर्लकोटेला पूर आला की तिकडचा रस्ता बंद होतो हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आपला तिथला वर्गमित्र पावसाळ्यात कित्येक दिवस कुठे जाऊ शकत नाही. टॉवर चालू असला तर शनिवारी तो आमच्यात असतो, टॉवर गेला तर नसतो, आणि मधेच गेला तर वाक्य अर्धवट टाकून गायब होतो. सुरुवातीला त्याला योद्धा व्हायचं होतं. शाळेत कबड्डीत तो पुढेच असायचा, तुम्हाला आठवत असेल. पण योद्धा होऊन दर पावसाळ्यात आपण सगळ्यांना मारून टाकू, असं तो स्वतःच म्हणाला आणि तिरंदाज झाला. तेव्हापासून त्याच्या गायब होण्याची कोणाला चिंता नाही, त्यालाही नाही. परत आला की विचारतो, "मेला का तो?"

दुसरी गोष्ट जरा जड आहे. ती मी सांगावी असं तिचंच म्हणणं आहे, नाव घ्यायचं नाही एवढी अट आहे. आपल्या वर्गातली एक मैत्रीण नर्स आहे, हे तुम्हाला माहीत आहे. मी या गटात येण्याच्या आधीची गोष्ट. गट जमला तेव्हा हीलर कोण हा प्रश्नच निघाला नाही. तू नर्स, तूच बरं कर. सगळे हसले, तीही हसली. हीलरचा पडदा कसा असतो ते सांगतो. एका कडेला चौघांच्या नावासमोर हिरव्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या कमी होतात आणि तुम्ही त्या भरत राहता. लढाई कुठे चालली, राक्षस केवढा, गुहा किती सुंदर, काही दिसत नाही. पट्ट्या दिसतात. ती दिवसभर वॉर्डात तेच पाहून यायची. दोनेक महिन्यांनी तिनं येणं बंद केलं. ड्युटी आहे, पाहुणे आहेत, डोकं दुखतं. तीन महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकदा तिनं मला फोनवर सांगितलं, "बाप्पा, दिवसभर माणसं मरू नये म्हणून पाहत राहतो, रात्री आणखी चार जणांचा जीव माझ्या हाती कायले देता?"

या वाक्यावर मला भाष्य करायचं नाही. ती परत आली, पण समनर होऊन. समनर म्हणजे मोठाले प्राणी बोलावून त्यांच्याकडून राक्षसाला मारवणारा. पहिल्याच रात्री ती म्हणाली, या गुहेला छत आहे हे मला आज दिसलं. आणि खरी गंमत पुढे आहे. समनरकडे पडलेल्याला उठवण्याचा एक मंत्र असतो. ती तो वापरते, मनात आलं तेव्हा. ते तिचं काम नाही म्हणूनच तिला ते आवडतं.

तेव्हा नव्या माणसाला माझी पहिली शिफारस हीच. ‘आर्केनिस्ट’ म्हणून सुरुवात करा, तिसाव्या पातळीला समनर होता येतं. 2021 च्या शेवटी खेळवाल्यांनी हा क्लास नव्यानं बांधला आणि फार सोपा केला. एक बटण दाबलं की पुढचं काय दाबायचं ते तेच बटण उजळून सांगतं. लांबून मारायचं असतं, म्हणून राक्षसाच्या पायाखाली उभं राहावं लागत नाही. बारक्या जखमेवर फुंकर घालण्यापुरता एक मंत्रही असतो. आणखी एक फायदा असा की समनरबरोबर ‘स्कॉलर’ नावाचा हीलरही आपोआप त्याच पातळीला येतो. पुढेमागे कोणाला वाटलंच तर दार उघडं आहे.

दुसरी शिफारस तिरंदाजाची. तो चालता चालता मारतो, मंत्र पुरा होईपर्यंत एका जागी उभं राहण्याची गरज नाही. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे. या खेळाचे सर्व्हर जपान, अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात आहेत, भारतात नाहीत. तुम्ही बटण दाबता आणि ते समुद्रापलीकडे पोचायला क्षणभर उशीर होतो. राक्षसाला चिकटून लढणाऱ्याला तो क्षण महागात पडतो, दूर उभ्या असलेल्याला नाही. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये हेच काम हंटर करतो, आणि त्याच्या सोबतीला पाळलेलं जनावर असतं. एकट्यानं फिरताना ते जनावर मार खातं, तुम्ही मागून बाण सोडता.

मात्र तिरंदाज तिसाव्या पातळीला ‘बार्ड’ होतो, म्हणजे लढता लढता गाणारा, ज्याच्या गाण्यानं बाकीच्यांच्या हाताला जोर येतो. हे ऐकलं की आपल्या भागातल्या माणसाला खडी गंमत आठवते. शाहीर पुढे, झीलकरी मागे. झीलकऱ्याला काय काम, असं बघणाऱ्याला वाटतं. शाहिरानं ओळ टाकली की तो झील ओढतो, आणि तेवढ्यात शाहिराला दम घ्यायला मिळतो, पुढचं कडवं आठवायला मिळतं. झीलकरी बरा नसला की शाहीर मध्यरात्रीच बसतो. 1999 च्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात बार्डची तऱ्हा तर अशी होती की दर काही सेकंदांनी गाणं बदलत राहावं लागे, नाही तर जोर ओसरे. लोकांची बोटं दुखायची. तेव्हा नावावरून हलकं समजू नका. झाडीपट्टीच्या नाटकात विनोदी भूमिका करता करता परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हलकी म्हणणाऱ्यानं एकदा रात्रभर लोकांना हसवून पाहावं. आमच्या खेळातला बार्ड एव्हरक्वेस्टइतका कठीण नाही, पण वरच्या पातळ्यांवर त्याचं लक्ष समनरपेक्षा जास्त गुंततं. तिथपर्यंत पोचायला तुम्हाला बरेच महिने लागतील, घाई नाही.

ज्यांना मार अंगावर घेतल्याशिवाय चैन पडणार नाही असे दोन-तीन जण मला इथून दिसतात. त्यांनी ‘वॉरियर’ घ्यावा. टँकमध्ये तो सर्वांत क्षमाशील. स्वतःच्या जखमा बऱ्याचशा स्वतःच भरतो, हीलर चुकला तरी बराच वेळ उभा राहतो. पण रस्ता पाठ करावा लागेल आणि घरी इन्व्हर्टर लागेल.

‘वॉरक्राफ्ट’वाल्यांनी 2025 मध्ये एक सोय काढली. एकच बटण दाबत राहा, कोणता वार करायचा ते खेळच ठरवतो. वेग थोडा कमी पडतो, इतकंच. पुष्कळ जुन्या खेळाडूंनी नाकं मुरडली. मला ती सोय आवडली. आपल्यातल्या एकाचा उजवा हात आजारपणानंतर नीट चालत नाही, आणि त्याला पंचवीस बटणांची परीक्षा देऊन कोणाला काही सिद्ध करायचं नाही. त्याला आमच्यात बसायचं आहे.

थोडं व्यवहाराचं. आमच्या खेळाची मोफत आवृत्ती आहे, सत्तराव्या पातळीपर्यंत चालते, मुदत नाही. तिच्यात स्वतः गट बनवता येत नाही, आमच्यापैकी कोणी बोलावलं की येता येतं. ‘वॉरक्राफ्ट’मध्ये एकदा घेतलेला क्लास त्या पात्राला जन्मभर चिकटतो. आमच्या इथे हातातलं शस्त्र बदललं की काम बदललं, एकच माणूस आज तिरंदाज, उद्या हीलर. म्हणून निवड चुकेल ही भीती सोडा. आणि पहिल्याच दिवशी माणसांसमोर उभं राहायची लाज वाटत असेल तर मुख्य कथेतल्या गुहा कॉम्प्युटरच्या सोबत्यांबरोबरही करता येतात. ते रागावत नाहीत, थांबतात, कितीदा मेलात ते कोणाला सांगत नाहीत. तिथे दोन वेळा जाऊन या, मग आमच्यात या.

आमच्या गटाचा एकच नियम आहे, तो त्या मैत्रिणीच्या परत येण्यानंतर झाला. कोणाला कोणता क्लास द्यायचा हे दुसऱ्यानं सुचवायचं नाही. पोलिसात आहे म्हणून टँक, नर्स आहे म्हणून हीलर, मास्तर आहे म्हणून पुढारी, असं चालणार नाही. हीलर मिळाला नाही त्या शनिवारी आम्ही गुहेत जात नाही. नदीवर मासे धरतो. त्या खेळात मासेमारीचाही एक क्लास आहे, आणि पाचही जण गळ टाकून दोन-दोन तास गप्पा मारत बसलो आहोत असं कितीदा झालंय. माझं मत विचाराल तर सगळ्यांत कमी ताणाचा क्लास तोच, पण आयोजकांनी मला लढाईतलं विचारलं होतं.

चहा झाल्यावर मी मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसणार आहे. ज्यांना बघायचं त्यांनी या, सर तुम्हीसुद्धा. वेळ शनिवारी रात्री साडेनऊची. कोणाच्या गावी मंडईचं नाटक असेल त्या रात्री सुट्टी.