हिंडोल आणि लोहगड



भर पावसात घाट चढून आलात, मावळच्या वतीनं आपलं मनापासून स्वागत करतो. रागमाला चित्रांची परिषद लोणावळ्यात का, असं काहींनी विचारलं. रागमाला म्हटलं की मेवाड, बुंदी, कांगडा आठवतात. पण दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हिंडोल रागाचं एक चित्र आहे, 1590 ते 1595च्या सुमाराचं. कुणी ते विजापूरचं म्हणतात, पण बरेच अभ्यासक अहमदनगरकडे बोट दाखवतात. त्या काळात तिथल्या गादीवर दुसरा बुऱ्हाण निजामशाह होता, आणि भावाच्या कारकिर्दीत त्याला कैदेत ठेवलं होतं ते आमच्या लोहगडावर! तेव्हा ही चित्रं आम्हाला परक्या मुलखाची वाटत नाहीत. निजामशाहीतली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी तर पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातल्या स्त्रियांची चोळी आणि लांब वेणी पाहा, मग रागमालेतल्या रागिण्या पाहा. नातं चटकन ओळखू येतं.

सहा राग आणि त्यांच्या तीस रागिण्या, असं हे कुटुंब. तोडीच्या वीणेपाशी हरणं येतात, आसावरीभोवती नाग जमतात, हिंडोल झोक्यावर बसतो. भातखंड्यांच्या दहा थाटांनी हे कुटुंब मोडलं. शिकणाऱ्यांची त्यामुळे फार मोठी सोय झाली, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानंतर गाणाऱ्यांनी या चित्रांकडे पाहणंच सोडलं, याचं मला वाईट वाटतं. आजच्या हिंडोलात रिषभ-पंचम वर्ज्य आणि मध्यम तीव्र. त्या चित्रकाराच्या कानावर पडलेला हिंडोल असाच होता का? हा प्रश्न एकट्या चित्राच्या अभ्यासकाला सुटायचा नाही आणि एकट्या गवयालाही नाही. म्हणून दोघांना एका मांडवात बोलावलं आहे. दुपारच्या सत्रात पडद्यावर चित्र असेल आणि समोर गाणं होईल. गायकांनी मनात येईल ते मोकळेपणानं बोलावं, अभ्यासकांनी ते टिपून घ्यावं.

उद्या सकाळी भाज्याला जाऊ. तिथल्या लेण्यात एक स्त्री चर्मवाद्य वाजवते आहे, दुसरी नाचते आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं कोरीव काम आहे. पायऱ्या निसरड्या असतील, जपून चढा. जेवणात आमच्या मावळचा इंद्रायणी भात आहे. काही कमी पडलं तर स्वयंसेवकांना हक्कानं सांगा.

अध्यक्षांना विनंती करतो, परिषद सुरू करावी.