दुरुस्तीचा क्रमांक

एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या, इंटरनेटवरील गुप्त दळणवळणाच्या कामी जगभर वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा असा भयंकर दोष उघडकीस आला की, त्याच्या आधारे दूरच्या इसमास सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर, प्रसंगी गुप्त किल्ल्यासुद्धा, परस्पर वाचता येत. मूळ कर्त्यांनी तातडीने 1.0.1जी ही निर्दोष आवृत्ती काढली; परंतु लिनक्सचे डेबियन 7 हे वितरण वापरणारांच्या हाती जे दुरुस्त पॅकेज आले, त्याचा क्रमांक होता 1.0.1ई-2+डेब7यू5. त्यातील ‘ई’ एवढेच अक्षर पाहणाऱ्याचा, दोष अद्याप कायम आहे, असा ग्रह व्हावा. वस्तुतः तो नाहीसा झालेला होता, आणि त्याचा दाखला त्या क्रमांकाच्या शेवटी होता.

स्थिर म्हणून एकदा जाहीर केलेल्या वितरणात मूळ आवृत्ती सहसा बदलावयाची नाही, कारण तिच्या विशिष्ट वर्तनावर इतर अनेक पॅकेजे विसंबून असतात. नव्या आवृत्तीतून केवळ दुरुस्तीचा अंश घेऊन तो जुनीत बसवावयाचा, असा डेबियनचा शिरस्ता आहे. हे काम नवी आवृत्ती जशीच्या तशी उचलण्यापेक्षा किती तरी कष्टाचे असते, आणि ते करणारांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता क्रमांकाची रचना पाहा. ‘2’ ही डेबियनची स्वतःची सुधारणा. ‘डेब7’ हा वितरणाचा, तर ‘यू5’ हा दुरुस्तीचा अनुक्रम. क्रमांकांची तुलना करणारा प्रोग्राम अंक हे संख्या म्हणून वाचतो; त्यामुळे हे पॅकेज नुसत्या ‘2’ पेक्षा वरचे, पण ‘3’ पेक्षा खालचे ठरते, आणि ‘डेब9’ नंतर ‘डेब10’ यथाक्रम येते. ही तजवीज क्षुल्लक वाटेल. पण जुन्या वितरणातील दुरुस्तीला नव्या वितरणातील पॅकेजाहून वरचा क्रमांक चुकून दिला गेला, तर वापरणारा पुढील वितरणाकडे जाईल त्या दिवशी त्याचे यंत्र, आपल्याजवळचेच अधिक नवे आहे असे समजून, ते जुने पॅकेज तसेच धरून बसेल, आणि त्याची वार्ताही धन्यास लागणार नाही.

उलट दिशेची सोय ‘~’ या नागमोडी चिन्हाने होते. ते ज्या क्रमांकास जोडले जाते, तो चिन्हाविना असलेल्या क्रमांकाच्याही खाली गणला जातो. म्हणून नव्या वितरणातील पॅकेज जुन्यासाठी बांधताना त्याला ‘~बीपीओ’ जोडतात, आणि पुढे खरे पॅकेज येताच ते आपोआप मागे सरते.

मूळ कर्त्यांनी क्रमांकांची पद्धतच बदलली, अथवा एखादा क्रमांक भलताच मोठा दिला गेला, तर मात्र आरंभी एक अंक व अपूर्णविराम (:) लावून अनुक्रमाचा नवा कालखंड सुरू करावा लागतो. हा अंक एकदा लागला की काढता येत नाही. सबब तो वाढविण्यापूर्वी अन्य विकासकांशी विचारविनिमय करून एकमत साधावे, असे डेबियनची नियमावली सांगते, आणि ते सर्वथा उचित आहे.