मोटारीच्या आज्ञावलीची दुरुस्ती

मोटार दुरुस्त करावयाची म्हणजे हाती पाना घ्यावयाचा, अशी समजूत श्रोत्यांपैकी अनेकांची असेल. आजच्या मोटारीत मात्र इंधनाचे प्रमाण, ब्रेकचा दाब, एवढेच काय, खिडकीची काचसुद्धा मायक्रोकंट्रोलरच्या हुकमतीखाली असते. प्रत्येकात एक आज्ञावली, म्हणजे फर्मवेअर, साठविलेली असते. तिच्यातील दोष गाडी ग्राहकाच्या दारी पोहोचल्यानंतरही दूर करता आला पाहिजे.

ही गोष्ट ऐकावयास सोपी असली तरी करावयास अवघड आहे. आज्ञावली फ्लॅश स्मृतीत असते. पाटीवरचे एक अक्षर पुसून दुसरे लिहावे, तसे तेथे चालत नाही. आधी अख्खा विभाग पुसावा लागतो, मगच नवा मजकूर लिहिता येतो. नेमकी त्याच वेळी बॅटरी उतरली, तर जुने गेलेले आणि नवे न आलेले, अशा अवस्थेत ते यंत्र निकामी होऊन बसते. म्हणून बूटलोडर ही छोटी आज्ञावली संरक्षित जागेत कायम ठेवतात आणि उरलेल्या स्मृतीचे दोन भाग करतात. नवी आवृत्ती मोकळ्या भागात उतरते, तपासली जाते आणि त्यानंतरच बूटलोडर तिच्या हाती कारभार देतो. तिने ठरावीक वेळेत सुस्थितीची खूण दिली नाही, तर वॉचडॉग हे पहारेकरी मंडल नियंत्रक पुन्हा सुरू करते व जुनी आवृत्ती कामावर रुजू होते. यासाठी स्मृती जवळजवळ दुप्पट लागते. लाखो गाड्या काढणाऱ्या कारखान्याला हा खर्च खुपतो. पण ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या बाबतीत ही काटकसर करू नये. खिडकीच्या काचेची गोष्ट निराळी.

दुसरा धोका माणसांकडून येतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर व ख्रिस व्हॅलासेक या अमेरिकी संशोधकांनी जीप चेरोकी गाडीत दुरून प्रवेश मिळविला. तिच्यातील एका मायक्रोकंट्रोलरची आज्ञावली बदलताना, नवी आज्ञावली कारखान्याचीच आहे काय, याची पडताळणीच होत नव्हती. दोघांनी स्वतःची आज्ञावली तेथे बसविली आणि ब्रेकपर्यंत संदेश पोहोचविले. त्यानंतर सुमारे १४ लाख गाड्यांच्या दुरुस्तीची घोषणा झाली. मालकांना सुधारित आज्ञावली यूएसबी साधनावर टपालाने धाडण्यात आली.

बेरजेचा ताळा जुळला, एवढ्याने आज्ञावली अस्सल ठरत नाही. ताळा लबाडी करणाऱ्यालाही जुळविता येतो. त्यासाठी डिजिटल स्वाक्षरी हवी. स्वाक्षरीची गुप्त किल्ली कारखान्यात राहते. गाडीत असते ती केवळ पडताळणीची किल्ली. त्यातही एक पेच आहे. जुनी, सदोष आवृत्तीही कारखान्याच्याच स्वाक्षरीची असते. ती कोणी मुद्दाम परत बसवू नये म्हणून आवृत्तीचा क्रमांक मागे जाऊ देत नाहीत; परंतु नवी आवृत्ती फसली तर मागे जाणे भागच असते. तेव्हा नवी आवृत्ती प्रत्यक्ष चालून खात्रीची ठरेपर्यंत तो क्रमांक पुढे सरकवावयाचा नाही, हा त्यावरचा उपाय होय.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या छत्राखाली तयार झालेला नियम क्रमांक १५६ जानेवारी २०२१ पासून अमलात आहे. नवी आवृत्ती बसविण्याचे काम फसल्यास वाहन आधीच्या आवृत्तीवर अथवा सुरक्षित स्थितीत आले पाहिजे आणि पुरेशी वीज शिल्लक असल्याखेरीज हे काम सुरू होता कामा नये, अशी अट त्या नियमाने घातली आहे.