बॅस्टिल दूर, राजुरा जवळ

(गांधीबाग, नागपूर येथील साहित्य मेळाव्यातलं अध्यक्षीय भाषण)

मित्रहो, आणि पुढच्या सोफ्यांवर विराजमान झालेल्या मान्यवर मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'युरोपातील राज्यक्रांत्या आणि मराठी लेखक'. दुपारपासून आपण सगळे पॅरिसमध्येच आहोत. बॅस्टिल पडली, राजाराणीची डोकी उडाली, मध्येच रशियात जाऊन झारही गेला. एका वक्त्यांनी तर भाकरी नसेल तर केक खा, हे वाक्यसुद्धा राणीच्या तोंडी घातलं. ती असं कधी बोलल्याचा पुरावा नाही, पण टाळ्या जोरात पडल्या. हे सारं ऐकताना मला राग येत होता आणि तो मी घरी घेऊन जाणार नाही. अध्यक्षाला शेवटी बोलायला देतात ते समारोपाचं गोड बोलण्यासाठी, हे मला ठाऊक आहे. आज ते होणार नाही.

इथून निघालात तर साडेतीन-चार तासांत राजुऱ्याला पोचाल. बल्लारपूरहून वर्धा नदी ओलांडली की राजुरा. आज तो चंद्रपूर जिल्ह्यातला तालुका आहे, आपल्या विदर्भातला. पण 1948 च्या सप्टेंबरपर्यंत नदीच्या त्या काठावर हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांचं राज्य होतं, राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता आणि 15 ऑगस्ट 1947 ला अलीकडच्या काठावर तिरंगा लागला तेव्हा पलीकडे तो लावणं गुन्हा होता. एक नदी, दोन काठ, मध्ये तेरा महिने. या गोष्टीचा उच्चार आज दुपारभरात कुणीही केला नाही.

लुई सोळाव्याला अनियंत्रित राजा म्हणता ना? मग हैदराबादकडे बघा. ब्याऐंशी हजार चौरस मैलांहून मोठा मुलूख, दीड कोटीच्या वर माणसं, त्यातले पाच जिल्हे मराठी: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद. राजाचा शब्द म्हणजे फर्मान आणि फर्मान म्हणजे कायदा. काही मुलूख तर 'सर्फ-ए-खास', म्हणजे त्याचा वसूल थेट राजाच्या खाजगी तिजोरीत. उरलेल्यात जागीरदार, आणि त्यांच्या वेठबिगारीत सापडलेली कुळं. सभा घ्यायची तर आधी परवानगी, ती मागायची 'गश्ती निशान 53' खाली. नाणंसुद्धा वेगळं. आपल्याकडे कलदार, तिकडे हाली. टाइम साप्ताहिकानं 1937 साली या माणसाला जगातला सर्वांत श्रीमंत म्हणून मुखपृष्ठावर घेतलं होतं. त्याचा जेकब हिरा टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असे. व्हर्सायला आणखी काय वेगळं होतं?

आणि अकोला-अमरावतीकर मंडळींनो, तुम्ही गालात हसू नका. 1853 साली इकडे महालात रघुजी भोसले तिसरे वारले आणि कंपनीनं नागपूर गिळायची तयारी केली, त्याच साली तिकडे निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केलं. 1902 ला ते वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडावर कायमचं दिलं. तरी कागदोपत्री मालक तोच राहिला. 1936 च्या करारानं त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. म्हणजे तुमचे आजोबा अमरावतीच्या कॉलेजात फ्रेंच राज्यक्रांती पाठ करत होते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर दोन दोन राजे होते आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येत नव्हता.

आता जकातीचं सांगतो, कारण मी गांधीबागेत बोलतोय आणि समोर कापडबाजारातले लोक बसलेत. नाका म्हणजे काय हे तुम्हांला शिकवायला नको. पॅरिसमध्ये बॅस्टिल पडली 14 जुलैला. त्याआधीच्या दोन दिवसांत लोकांनी शहराच्या वेशीवरचे जकातनाके जाळले होते. दारू आणि खाण्याचे जिन्नस शहरात येताना जो कर लागे तो गरिबाच्या ताटातून जात होता. किल्ल्याचं चित्र सुरेख निघतं, म्हणून पुस्तकात किल्ला राहिला आणि नाके गेले. बरं, त्या किल्ल्यात कैदी होते एकूण सात!

हैदराबादेत याला 'करोडगिरी' म्हणत. ब्रिटिश मुलखातून माल पलीकडे गेला की करोडगिरी नाक्यावर निजामाचा कर. 1947 च्या ऑगस्टनंतर मराठवाड्यातल्या तरुणांनी जे सुरू केलं त्यात हे नाके उद्ध्वस्त करणं होतं, लेव्हीचं धान्य द्यायला नकार होता आणि शिंदीची झाडं तोडणं होतं. शिंदीचं नीट ऐका. ताडी-शिंदीच्या अबकारीवर राजाची तिजोरी भरत होती. म्हणून गावोगावची पोरं कुऱ्हाडी घेऊन शिंदीच्या बनात शिरली. झाड पडलं की त्या झाडाचा महसूल गेला. ना भाषण, ना मशाल, ना संगीत. बुंध्यावर घाव आणि पहाटेच्या आत घरी. या कुऱ्हाडीवर आपल्याकडे किती कविता आहेत? गिलोटिनवर किती आहेत ते मी स्पर्धांचा परीक्षक म्हणून सांगू शकतो, ढीग आहे.

नागपूरचा यात काय संबंध, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, मी ऐकलं. संबंध सांगतो. 1920 च्या डिसेंबरात याच शहरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि संस्थानिकांनी आपल्या प्रजेला जबाबदार राज्यपद्धती द्यावी असा ठराव झाला. ठराव कागदावर राहिला, हेही खरं. पण 1938 मध्ये उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोरांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं सोडलं नाही म्हणून त्यांना शेकड्यांनी काढून टाकण्यात आलं, तेव्हा त्यांना दार उघडलं ते नागपूर विद्यापीठानं. कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्या पोरांना प्रवेश दिले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव कायद्याची पदवी याच विद्यापीठातून घेऊन गेले. परराज्यातून हाकललेल्या पोरांना प्रवेश देणं म्हणजे एका राजाशी वैर घेणं होतं. आज केदारांचं नाव या शहरातल्या किती पदवीधरांना सांगता येईल? रॉबस्पिएरचं मात्र स्पेलिंगसुद्धा येतं.

त्याच 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहू लागली आणि जन्मायच्या आतच तिच्यावर बंदी आली. आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' हे पत्र काढलं ते पुण्यातून, कारण तिकडे छापणं अशक्य. निजामानं पत्रावर बंदी घातली की ते नवं नाव घेऊन पुन्हा हजर. आणि स्वामी रामानंद तीर्थ! अंबाजोगाईच्या शाळेतला हा संन्यासी मास्तर या लढ्याचा पुढारी. त्याला आपण फोटोत घालून हार घातला आणि मोकळे झालो.

या लढ्याचे सरहद्दीवरचे कँप तर आपल्या अंगणातच होते. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, चांद्याचा कँप आपल्या चंद्रपुरात. पैनगंगा उतरून जायचं, कारवाई करायची आणि परत यायचं. 30 जानेवारी 1948 ला पलीकडच्या उमरीची बँक लुटली ती अशाच मंडळींनी. सुमारे वीस लाख रुपये. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला, म्हणून ती बातमी त्याखाली दबली. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि नंतर चोख दिला गेला. वीस लाखांची लूट आणि हिशेबाची वही! आजच्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदारानं यावर विचार करावा. नाव घेत नाही.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात, आणि चहाच्या वेळी दोन्ही माझ्या कानावर आलेत.

पहिला: ही कसली क्रांती, भारताचं लष्कर हैदराबादेत गेलं आणि 13 ते 17 सप्टेंबर, पाच दिवसांत काम फत्ते. महाराज, बॅस्टिल तरी कशी पडली? राजाच्याच पलटणीतले गार्ड तोफा घेऊन लोकांच्या बाजूला आले तेव्हा पडली. पेट्रोग्राडची छावणी उलटली नसती तर झार गेला नसता. बंदुकीवाला शेवटी कुणाच्या बाजूला उभा राहतो यावरच राजाचं भवितव्य ठरतं, सगळीकडे. फरक आहे, तो मी लपवत नाही. तिथे राजाचं स्वतःचं सैन्य फिरलं, इथे शेजारच्या सरकारचं सैन्य आलं. म्हणून आपली क्रांती अर्धवट राहिली, हे मी मान्य करीन. झालीच नाही, हे मान्य करणार नाही. दहा वर्षं जी माणसं तुरुंगात गेली, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरची दगडाबाई शेळके जी हत्यारं वाहत होती, ती काय जनरल चौधरींच्या रणगाड्यांची वाट बघत बसली होती?

दुसरा आक्षेप जास्त विषारी आहे: तो हिंदू-मुसलमानांचा झगडा होता. हे म्हणणारे दोन्हीकडे आहेत, आणि दोघांनाही ते सोयीचं आहे. मग शोएबुल्ला खानचं काय करणार? 'इमरोज'चा तरुण संपादक, मुसलमान. निजामाच्या बाजूनं उभ्या असलेल्या सशस्त्र रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूनं लिहीत होता. 22 ऑगस्ट 1948 च्या मध्यरात्रीच्या सुमारास त्याला हैदराबादच्या रस्त्यावर मारलं आणि लिहिणारा हात तोडला. लेखकांचा मेळावा आहे ना हा? मग त्याचा फोटो कुठाय? आणि तेलंगणातला विसनूरचा देशमुख, ज्याच्या माणसांच्या गोळीनं 1946 च्या जुलैत शेतकरी चळवळीतला दोड्डी कोमरय्या पडला, तो हिंदूच होता. निजामाच्या गादीचा टेकू.

पण हे एवढंच सांगून मी बसलो तर मीही तुमच्यासारखाच. 1792 च्या सप्टेंबरात पॅरिसच्या तुरुंगांत घुसून जमावानं हजाराहून जास्त कैदी कापले. फ्रेंचांनी त्या सप्टेंबरवर ग्रंथांचे ग्रंथ लिहिलेत. क्रांतीवर प्रेम असणाऱ्यांनीही लिहिलेत. आपलाही एक सप्टेंबर आहे. 17 तारखेनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या पट्ट्यात मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार मृत्यूंचा होता. आकड्यावर इतिहासकार वाद घालोत, घातलाच पाहिजे. पण तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही, आणि मराठी लेखकाला त्याची अडचण वाटली नाही, हे वादापलीकडचं आहे. काल रझाकाराच्या भीतीनं रानात लपलेला माणूस उद्या शेजाऱ्याचं घर लुटायला जातो, यापेक्षा मोठा विषय कादंबरीकाराला कुठे मिळणार? अनंत भालेरावांनी या लढ्याचा इतिहास लिहिला, नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी त्यावर निर्भीडपणे विचार केला. आपण मात्र पुरस्कारासाठी पाठवायच्या कादंबरीत पॅरिसचा पाऊस पाडतो.

राजाचं पुढे काय झालं? लुई 1793 च्या जानेवारीत वधस्तंभावर चढला. आपला राजा 26 जानेवारी 1950 ला राजप्रमुख झाला! ज्याच्याविरुद्ध लढून लोक तुरुंगात गेले, त्याच्याच नावानं नवं राज्य सुरू. वर पन्नास लाखांचा तनखा. 1956 ला राज्यच मोडलं तेव्हा पद गेलं. त्याचं डोकं उडवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. रक्तानं हात माखले नाहीत याचं मला समाधान आहे. पण औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली, कुणी दार फोडायच्या आत, स्वतःहून सत्ता लोकांच्या हातात दिली. त्या राजाचं नाव शाळेत एका ओळीत उरकतो आणि दुसऱ्याच्या हिऱ्यांच्या गोष्टी रंगवून सांगतो.

ही दरबारी खोड गेलेली नाही. इथेच बघा. सोफे पुढाऱ्यांना, प्लास्टिकच्या खुर्च्या वाचकांना, आणि मागांवर बसणारी, टांडापेठेकडून आलेली विणकर मंडळी भिंतीला टेकून उभी. सत्कार पाऊण तास, कविता प्रत्येकी तीन मिनिटं. मंत्रिमहोदय येणार म्हणून कार्यक्रम थांबला, ते आले नाहीत, तरी त्यांची खुर्ची रिकामीच ठेवली. आणि वाक्यं मात्र समतेची!

म्हणून अध्यक्ष या नात्यानं मी तीन गोष्टींचा एक ठराव मांडतो. पुढच्या वर्षीचा मेळावा 17 सप्टेंबरला राजुऱ्यात घ्यायचा. तिथे शोएबुल्ला खानाच्या नावानं व्याख्यान ठेवायचं, आणि ते अशा माणसाला द्यायचं ज्याच्या घरानं 1948 चा सप्टेंबर दुसऱ्या बाजूनं सोसला. आणि आजच्या खर्चातून हारतुऱ्यांचे जेवढे पैसे झाले असतील तेवढे त्या काळच्या आठवणी सांगू शकतील अशा घरांत जाऊन ध्वनिमुद्रण करण्यासाठी बाजूला काढायचे. खजिनदारांनी वही आणलीच असेल.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी इथे माईकवर येऊन बोलावं, चहाच्या टेबलाशी नको. मला अनुमोदन हवंय. त्या भिंतीपाशी उभ्या असलेल्यांपासून सुरुवात करू या. हो, तुम्हीच, पुढे या. आणि ती मंत्र्यांची खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर बसा.